सरोजिनी : एका नावाचा इतिहास

ज्यांच्या घरी ऐंशी उलटलेली आजी आहे, त्यांना ‘सरोजिनी’ हे नाव अपरिचित नसेल. शाळेच्या हजेरीपटावर नि लग्नपत्रिकेत एके काळी हमखास आढळणारे हे नाव आता बारशाच्या पाळण्यापाशी क्वचितच कानी पडते. त्याविषयीची मतमतांतरे पाहण्याजोगी आहेत.

जुन्या वळणाची माणसे म्हणत, मुलीचे नाव देवतेचे वा तीर्थाचे असावे. हाक मारता मारता नामस्मरण घडते. अजामिळाची कथा त्यांच्या मुखी असे. म्हणून घरोघर गंगा, गोदावरी, लक्ष्मी. कवळ्याच्या शांतादुर्गेच्या भक्तांकडे शांता. वस्तुतः मनुस्मृतीने नदीचे नाव असलेली वधू वर्ज्य सांगितली आहे. लोकांनी ते मानले नाही. शास्त्रदृष्ट्या आक्षेप निघतो तो अक्षरांचा. पारस्कर गृह्यसूत्रानुसार मुलीचे नाव विषमाक्षरी व आकारान्त हवे. सरोजिनी हे चार अक्षरी व ईकारान्त. उलट, मनूला अभिप्रेत असलेले सुलभ उच्चारण, स्पष्ट अर्थ आणि अंती दीर्घ स्वर हे सारे त्यात आहे. सरोजिनी म्हणजे कमळवेल किंवा कमळांनी भरलेले सरोवर. कमळ तर साक्षात लक्ष्मीचे आसन!

हे नाव देशभर गाजले ते हैदराबादच्या एका कन्येमुळे. १३ फेब्रुवारी १८७९ रोजी तेथे अघोरनाथ चट्टोपाध्याय यांच्या घरी सरोजिनींचा जन्म झाला. बंगाल्यांना नाव नवे नव्हते. ज्योतिरिंद्रनाथ ठाकुरांचे ‘सरोजिनी’ नाटक १८७५ चे. १८९८ मध्ये डॉ. गोविंदराजुलू नायडूंशी विवाह झाल्यावर त्यांचे आडनाव बदलले, नाव मात्र तेच राहिले. आपल्याकडे ताटातील तांदळांवर अंगठीने वधूचे नवे नाव लिहीत, तो हा काळ. पुढे १९०५ मध्ये पहिला काव्यसंग्रह, १९२५ मध्ये कानपूर काँग्रेसचे अध्यक्षपद, १९३० मध्ये धारासनाचा मिठाचा सत्याग्रह. त्यांची कन्या पद्मजा; भावजय मंगळूरच्या सारस्वत घराण्यातील कमलादेवी. एकाच कुटुंबात तीन कमळे!

प्रत्येक सरोजिनीचे नाव नायडूंवरूनच ठेवले गेले, असे मात्र नव्हे. नलिनी, कुमुदिनी, कमल या नावांचीही आवड त्या काळी होतीच. मराठीत लोकसाहित्याच्या संग्राहक सरोजिनी बाबर १९२० मध्ये आणि समीक्षक सरोजिनी वैद्य १९३३ मध्ये जन्मल्या. तथापि देवता, नदी आणि आजी यांच्या पंक्तीस आता स्वकर्तृत्वाने कीर्ती मिळविलेली स्त्री येऊन बसली होती. हा बदल लहान नव्हे.

नातीला आजीचे नाव ठेवण्याची आपली रीत टिकती, तर हे नाव आज पुन्हा अंगणात खेळताना दिसले असते. ते न घडो. पण घरातल्या सरोजिनीला एकदा विचारावे, हे नाव आपणांस कोणी आणि कोणत्या आशेने ठेवले? त्याचे उत्तर देऊ शकणारी माणसे दिवसेंदिवस विरळ होत आहेत.