रंधा, पटाशी आणि अमेरिकन हायस्कूल

आमच्या शाळेतील एका मुलाचे वडील सुतारकाम करतात. मुलाचा हात चांगला आहे. तुटलेले बाक तो असे जोडून देतो की सांधा कोठे होता ते शोधावे लागते. शालान्त परीक्षा जवळ आली तेव्हा मी मोठ्या आपुलकीने त्याच्या वडिलांना म्हणालो, "ह्याला एखाद्या धंदेशिक्षणाच्या वर्गात घाला. पोराच्या हातात कला आहे." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, रंधा तो माझ्यापाशीच शिकंल की. तुमच्याकडं धाडला तो दुसरं काही शिकावं म्हणून."

ह्या उत्तराने मी ओशाळलो. त्याच सुमारास मी अमेरिकेतील माध्यमिक शाळांचा इतिहास वाचीत होतो. त्या देशाने ह्याच प्रश्नाशी शंभर वर्षे झुंज घेतली असल्यामुळे ती हकीकत मला परक्याची वाटेना.

तिचा आरंभ १८७६ साली फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनात झाला. मॉस्को येथील तंत्रशाळेचे व्हिक्टर देल्ला-व्होस यांनी बसविलेली शिक्षणपद्धती तेथे मांडली होती. तीत विद्यार्थ्याकडून प्रथम खुर्ची वा टेबल करवून घेत नसत. आधी करवत, मग रंधा, मग पटाशी, मग सांधे, अशा एकेका क्रियेचे क्रमवार धडे असत. कारागिराच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबून जे अंगवळणी पडे, त्याची ही जणू बाराखडीच होती. सेंट लुई येथील गणिताचे प्राध्यापक कॅल्व्हिन वुडवर्ड यांना हीच गोष्ट हवी होती. यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांनी लाकडी नमुने करावयास सांगितले, तो एकालाही हत्यार धरता येईना! १८७९ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या छत्राखाली त्यांची हस्तव्यवसाय शाळा स्थापन झाली. मुलाला सुतार करणे हा त्यांचा हेतू नव्हता. बुद्धीबरोबर हातही शाळेत आला पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. सुतारकामाची ही शाळा एका गणिताच्या मास्तराने काढली, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पुढे वारे फिरले. कारखाने वाढले, परदेशातून आलेल्यांची मुले शहरांत दाटली, आणि कारखानदारांना हात हवे झाले. तेव्हा प्रश्न उभा राहिला की अशा मुलांसाठी शाळाच वेगळ्या काढाव्यात काय? १९१५ साली डेव्हिड स्नेडन आणि जॉन ड्यूई यांच्यात ह्यावर जाहीर वाद झाला. स्नेडन यांचा भर समाजाला उपयोगी पडणाऱ्या निपुणतेवर होता. ड्यूई स्वतः हस्तव्यवसायाचे मोठे पुरस्कर्ते. १८९६ साली शिकागोत काढलेल्या त्यांच्या प्रयोगशाळेत मुले शिवत, रांधत, सुतारकाम करीत. तरीही वेगळ्या शाळांना त्यांनी कसून विरोध केला. कामगाराचे पोर कामगारच व्हावे अशी तजवीज शाळेने केली, तर लोकशाहीत उरले काय, हा त्यांचा सवाल होता. हे ड्यूई त्या काळी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवीत होते, आणि १९१३ ते १९१६ ह्या वर्षांत तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत आपले डॉ. भीमराव आंबेडकर होते. बापाचा धंदा पोराच्या कपाळी लिहिणारी व्यवस्था ज्यांनी अंगावर सोसली होती, त्यांना ह्या गुरूविषयी आयुष्यभर आदर वाटला, ह्यात नवल नाही.

२३ फेब्रुवारी १९१७ रोजी अध्यक्ष विल्सन यांनी स्मिथ-ह्यूज कायद्यावर सही केली. शेती, उद्योगधंदे आणि गृहशास्त्र ह्यांच्या शिक्षणासाठी मध्यवर्ती सरकार पैसा देऊ लागले. राज्याने डॉलरला डॉलर घालावा अशी अट होती. धंद्याच्या वर्गात निम्मा वेळ प्रत्यक्ष कामाला, शेतीच्या विद्यार्थ्याला वर्षातून किमान सहा महिने देखरेखीखाली शेतीचा अनुभव, असे दंडक होते. वेगळ्या शाळांचे संकट बहुतेक ठिकाणी टळले; वर्ग त्याच हायस्कुलात भरू लागले. छप्पर एक झाले, परंतु दारे निराळीच राहिली.

तथापि ह्या वर्गांचे चांगले रूप पाहिल्यावाचून न्याय होणार नाही. १९४० ते १९६० च्या दरम्यानचे एखादे अमेरिकन हायस्कूल डोळ्यांपुढे आणावे. घंटा होते, आणि इतिहासाच्या तासाहून उठलेली मुले कार्यशाळेत शिरतात. भुशाचा आणि सरसाचा वास, लेथची घरघर, भिंतीवर ओळीने टांगलेली हत्यारे. कोणी पक्ष्याचे घरटे करतो, कोणी आईसाठी दिव्याची बैठक. गुण्या लावून मास्तर कोन तपासतात. वशिला, घराणे, गोड बोलणे ह्यांतले काही तेथे चालत नाही. कोन नव्वद अंशांचा असतो किंवा नसतो. पलीकडे मोटारीचे इंजिन उघडून ठेवलेले असते, आणि आणखी पलीकडे टंकलेखनाच्या वर्गाची टकटक.

१९४२ साली तर ह्या वर्गांना राष्ट्राने हाक दिली. शत्रूचे विमान कोणते आणि आपले कोणते, हे सैनिकांना क्षणात ओळखता यावे म्हणून आरमाराने शाळांकडून पाच लाख लाकडी विमाने मागितली. पन्नास जाती, प्रत्येकीची दहा हजार. माप मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याचे. पस्तीस फुटांवर टांगलेले हे काळे विमान सुमारे अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढे दिसे. मुलांच्या पटाशीत चूक झाली तर तोफेवरील माणूस फसणार! शाळेतल्या पोराच्या हातकामाला इतका मान क्वचितच मिळाला असेल.

पण कोणत्या वर्गात कोण बसले होते, हे पाहू लागलो की मन खट्टू होते. मुलगे कार्यशाळेत आणि मुली स्वयंपाक-शिवणात, ही वाटणी १९७२ च्या कायद्यापर्यंत बहुतेक जागी चालू होती. शेतीच्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय संघटना १९२८ साली निघाली; दक्षिणेत काळ्या मुलांसाठी निराळी संघटना होती, ती १९६५ मध्ये हिच्यात मिळाली. राष्ट्रीय संघटनेत मुलींना प्रवेश मिळाला तो १९६९ साली. काळ्यांच्या शाळांना निधीचा न्याय्य वाटा मिळाला नाही. आणि मुलगा धंदा शिकलाच, तरी अनेक कारागीर-संघांची दारे त्याला बंद असत.

मिशिगनमधील एका गावी आठवीत शिकणाऱ्या एका हुशार काळ्या मुलाने मास्तरांना सांगितले की मला वकील व्हावयाचे आहे. मास्तर म्हणाले, ते तुला जमण्याजोगे नाही. तुझा हात चांगला आहे, तू सुतारकामाचा विचार कर. तो मुलगा म्हणजे पुढे गाजलेला माल्कम एक्स. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने ही गोष्ट सांगितली आहे. मास्तरांचा हेतू वाईट नव्हता, असेही तो म्हणतो. मला टोचले ते हेच. माझा तरी हेतू कोठे वाईट होता?

१९५७ च्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुट्निक आकाशात गेला आणि अमेरिका हादरली. पुढल्याच वर्षी विज्ञान, गणित आणि परकी भाषा ह्यांसाठी नवा कायदा झाला. १९५९ साली जेम्स कोनंट यांनी आपल्या पाहणीत एकाच छपराखालच्या सर्वसमावेशक हायस्कुलाची बाजू मांडली. १९६३ च्या कायद्याने धंदेशिक्षणाला पुन्हा पैसा मिळाला. पण ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते त्यांना कोणी विचारले नव्हते. त्यांनी १९६८ च्या मार्चमध्ये उत्तर दिले. पूर्व लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन वंशाची हजारो मुले वर्गांतून उठून रस्त्यावर आली. आम्हांला कार्यशाळेकडेच का ढकलता, महाविद्यालयाची वाट का दाखवीत नाही, ही त्यांची एक मुख्य तक्रार होती. रंध्यावर त्यांचा राग नव्हता. तो आपल्या हाती कोणी आणि का दिला, हे त्यांना कळले होते.

आज तेथे उलटी हळहळ ऐकू येते की कार्यशाळा बंद पडल्या आणि मुलांना खिळा ठोकता येत नाही. ती खरीही आहे. हातकाम सर्वांसाठी असते तेव्हा ते शिक्षण असते. काहींसाठीच राखून ठेवले की ती शिक्षा होते. वुडवर्डांपासून ड्यूईंपर्यंत ही गोष्ट जाणत्यांना ठाऊक होती, पण शाळेच्या वेळापत्रकात ती क्वचित उतरली.

हे सारे वाचून झाल्यावर मी एक साधे काम केले, जे आधीच करावयास हवे होते. त्या मुलाचे गुणपत्रक काढून पाहिले. भूमितीत तो वर्गात दुसरा होता. गुण्या धरणाऱ्या हाताला काटकोन आधीच ठाऊक होता. मी हात तेवढा पाहिला होता. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून प्रथमच विचारले, "तुला काय व्हावंसं वाटतं?" तो बराच वेळ खाली पाहत उभा राहिला. म्हणाला, "विचार करून सांगतो, गुरुजी."

मी अजून वाट पाहत आहे.