पार्किंगमधली जागा नेमकी कुणाची? शेजारी ऐकतच नसेल तर काय करता येतं?

सावेडीतल्या एखाद्या चार मजली इमारतीचं पार्किंग डोळ्यासमोर आणा. फ्लॅट बारा, खांबांच्या मधे जागा जेमतेम सहा गाड्यांची. एका कोपऱ्यात कित्येक महिने न हललेली, धुळीनं माखलेली एमएच १६ ची जुनी कार. मधल्या खांबाला टेकून लावलेली भलीमोठी एसयूव्ही, तिचं अर्धं चाक शेजारच्या पट्ट्यावर. आणि गेटच्या तोंडाशी "दोन मिनिटांत काढतो" म्हणून लावलेली बाईक, जिचा मालक नेमका कोण हे कुणालाच माहीत नाही. सकाळी एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेला माणूस खाली येतो आणि दारोदारी बेल वाजवत फिरतो.

यावर लोक सहसा दोनपैकी एक मार्ग धरतात. वर्षानुवर्षं दात-ओठ खात गप्प बसायचं, नाहीतर एके दिवशी रागाच्या भरात टायरची हवा सोडायची. पहिल्यानं काही बदलत नाही आणि दुसऱ्यानं तक्रारदारच आरोपी होतो. या दोन्हींच्या मधे बरंच काही करता येतं. पण त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं. ती जागा आहे कुणाची?

"मी पैसे मोजलेत" हे कितपत खरं?

पार्किंगच्या भांडणात हमखास येणारं वाक्य म्हणजे "बिल्डरला वेगळे पैसे देऊन घेतलीय ही जागा." याबाबत महाराष्ट्रातलाच एक महत्त्वाचा खटला आहे. मुंबईत दहिसर पूर्वेला आनंदनगरमध्ये पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. तिथल्या स्टिल्टमधल्या, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या, २५ पार्किंगच्या जागा आपल्याच मालकीच्या आहेत, असा दावा नहालचंद लालूचंद या विकासक कंपनीनं केला. प्रकरण दिवाणी न्यायालयातून उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्यायमूर्ती आर. एम. लोढा आणि न्यायमूर्ती ए. के. पटनाईक यांनी निकाल दिला.

कंपनीचं म्हणणं होतं की स्टिल्टमधली जागा म्हणजे गॅरेज, आणि गॅरेज स्वतंत्र विकता येतं. न्यायालयानं ते मान्य केलं नाही. खांबांमधली मोकळी जागा गॅरेज ठरत नाही, ती इमारतीच्या सामाईक जागेचा भाग आहे, म्हणून १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्याखाली ती फ्लॅटपासून वेगळी काढून विकता येणार नाही, असा तो निकाल होता.

पुढे २०१६ चा रेरा कायदा आला. त्यात उघडं पार्किंग थेट सामाईक जागेत धरलं आहे. छत आणि तीन बाजूंनी भिंती असलेल्या गॅरेजची गोष्ट वेगळी. महारेरानं एप्रिल २०२४ मध्ये आणखी एक काम केलं. पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतलं नेमकं ठिकाण करारातच नमूद करणं विकासकांना बंधनकारक केलं. त्यामुळे नव्या इमारतीत फ्लॅट असेल तर शेजाऱ्याशी बोलण्याआधी स्वतःचा करारनामा काढून वाचावा. वाद पाच मिनिटांत मिटेल, किंवा आपणच चुकीच्या जागी गाडी लावतोय हे कळेल. दोन्ही शक्य आहे.

वाद फुटाफुटाचा का होतो?

शेजारी मुद्दाम त्रास देतो असं प्रत्येक वेळी नसतं. थोडा हिशोब पाहू. राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या एकत्रित विकास नियमावलीत (तीच ती यूडीसीपीआर, डिसेंबर २०२० ची) एका कारसाठी २.५ मीटर बाय ५ मीटर जागा धरली आहे. दुचाकीसाठी १ बाय २ मीटर. स्कॉर्पिओ-एनची रुंदी साधारण १.९ मीटर. म्हणजे गाडी अगदी मधोमध लावली, तरी दोन्ही बाजूंना उरतो जेमतेम एकेक फूट. चालक अर्धा फूट इकडे सरकला की शेजारच्याला दार उघडायला जागा उरत नाही. त्यात खांब, पाण्याची मोटर, मीटरची पेटी, लहान मुलांच्या सायकली. आणि जुन्या इमारती तर घरटी एक स्कूटर असायची त्या काळात मंजूर झालेल्या.

ऑगस्ट २०२१ मध्ये पार्किंगच्या नियमांवरच्या एका जनहित याचिकेवेळी मुंबई उच्च न्यायालयानंही नेमकं यावर बोट ठेवलं होतं. पार्किंगला जागा नसेल, तर एकाच कुटुंबाला परवडतं म्हणून चार-पाच गाड्या घेऊ देता येणार नाहीत, असा त्या सुनावणीचा सूर होता.

खरा अधिकार कुणाकडे? तुमच्याच सर्वसाधारण सभेकडे

अहिल्यानगर जिल्ह्याला सहकार शिकवायची गरज नाही. आशियातला पहिला मानला जाणारा सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यातल्या लोणीजवळ, प्रवरानगरला १९५० मध्ये उभा राहिला. कारखान्याच्या, पतसंस्थेच्या वार्षिक सभेत अहवालाच्या पानापानावर प्रश्न विचारणारी माणसं इथे गावोगाव आहेत. गंमत अशी की हीच माणसं स्वतःच्या हाउसिंग सोसायटीच्या सभेला मात्र फिरकत नाहीत. कायदा एकच आहे, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०. गृहनिर्माण संस्थांसाठी त्यात २०१९ मध्ये स्वतंत्र प्रकरणही जोडलं गेलं.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये पार्किंगचे नियम दिलेले आहेत. सोसायटीनं दिलेली जागा सभासदाला परस्पर विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. ज्याच्याकडे गाडी आहे त्यालाच जागा. साधारणपणे एका सभासदाला एकच. सगळ्यांना देऊन जागा उरली तर दुसरी मिळू शकते, पण ती वर्षापुरती, आणि कुणी गरजू सभासद पुढे आला तर सोडावी लागते. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करायचं. पार्किंग शुल्क किती, हे सभा ठरवते. नियम मोडणाऱ्याला आधी नोटीस, मग म्हणणं मांडायची संधी आणि त्यानंतर दंड, असा क्रम आहे. सेक्रेटरीनं रागात व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर केलेला "५०० रुपये दंड" यात बसत नाही.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायलाच हवी. तोवर थांबायचं नसेल तर एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की विशेष सभा बोलवावी लागते. पंधरा फ्लॅटच्या सोसायटीत तीन सह्या पुरतात. सभेत एकट्या शेजाऱ्यावर ठराव मांडू नये. सगळ्या जागांना क्रमांक, जमिनीवर पिवळे पट्टे, पाहुण्यांसाठी वेगळी जागा आणि बंद पडलेल्या गाड्यांसाठी मुदत, असा सगळ्यांना लागू होणारा ठराव मांडला तर विरोध करायला कारण उरत नाही.

पण पहिलं पाऊल बोलण्याचंच

ग्रुपवर फोटो टाकून "काही लोकांना अक्कल नाही" असं लिहिण्याचा मोह आवरावा. पन्नास जणांसमोर अपमान झालेला माणूस गाडी हलवत नाही, उलट हट्टाला पेटतो. संध्याकाळी, दोघंही घाईत नसताना, दारावर जाऊन बोललेलं जास्त उपयोगी पडतं. मागणी एकच आणि मोजता येईल अशी असावी. "काका, गाडी उजवीकडच्या खांबाला थोडी धरून लावाल का? आईला व्हीलचेअरवरून बसवताना दार पूर्ण उघडावं लागतं." यात "तुम्ही नेहमीच असं करता" हे वाक्य नाही, हे लक्षात घ्या.

गाडी अडकण्याचा प्रश्न असेल तर वेळ सांगून टाकावी. साडेसहाला निघणाऱ्याची गाडी बाहेरच्या बाजूला आणि दहाला निघणाऱ्याची आत, एवढ्या अदलाबदलीवर अनेक इमारतींचं भागतं. काचेवर आतून मोबाइल नंबर लावणं हा आणखी एक साधा उपाय. वाहनधारकांनी हे नाही केलं तर कमिटीनं निदान गाडी क्रमांक आणि फ्लॅट क्रमांकाची यादी गेटवर ठेवावी.

दोनदा बोलून फरक पडला नाही की कागद हवा. तारखा, वेळा, फोटो आणि एक साधं पत्र, सेक्रेटरीच्या नावे, पोच घेऊन. शेजारी भाडेकरू असेल तर तो सोसायटीचा सभासद नसतो, म्हणून कमिटीची नोटीस फ्लॅटमालकाच्या नावे जायला हवी. मालक पुण्यात राहत असेल तर ईमेल किंवा रजिस्टर पोस्टानं. कमिटीनं काहीच केलं नाही तर जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयाचं दार आहे, आणि कलम ९१ खाली सहकार न्यायालयाचंही. न्यायालयाचा मार्ग लांबचा आहे. दोन फुटांच्या जागेसाठी तो धरण्याआधी वेळेचा हिशोब करावा.

पोलीस कधी?

वाहतूक पोलीस कंपाउंडच्या आत येऊन गाडी उचलून नेतील, ही अपेक्षा सोडा. त्यांचं काम सार्वजनिक रस्त्यावरचं. पण वाट अडवून माणसाला जाऊच न देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गैरनिरोधाचा गुन्हा ठरू शकतो. शिक्षा एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. ओरखडे काढणं, टायर फाडणं हे कलम ३२४ खाली, मालमत्तेची आगळीक म्हणून. धमकी, मारहाण किंवा रुग्णाला न्यायला आलेली ॲम्ब्युलन्स अडली असेल तर कमिटीच्या बैठकीची वाट पाहू नये, ११२ वर फोन करावा.

हीच कलमं तक्रारदारालाही लागू होतात. शेजाऱ्याची गाडी आत अडकवून "आता कळेल" म्हणणारा, किंवा कुलूपबंद जॅमर स्वतःच लावणारा, स्वतःची बाजू पार कमकुवत करून घेतो. बेवारस गाडीसुद्धा परस्पर भंगारात देता येत नाही. आधी मालकाला लेखी नोटीस, मालक सापडत नसेल तर पोलीस ठाण्यात अर्ज.

सोसायटीच नसेल तर?

केडगाव, सावेडी किंवा संगमनेर, श्रीरामपूरकडच्या लहान इमारतींमध्ये ही अडचण भेटते. पाटीवर "अपार्टमेंट" लिहिलंय, पण नोंदणी कशाची आहे हे कुणालाच ठाऊक नाही. नावावर जाऊ नका, कागद पाहा. १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली नोंदणी असेल तर घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लेरेशन, काढा. त्यात वेगळं काही लिहिलं नसेल तर पार्किंग सामाईक. काही जागा ठरावीक फ्लॅटच्या वापरासाठी राखून ठेवल्याचंही त्यात असू शकतं, आणि मग शेजाऱ्याचं म्हणणं बरोबर निघेल. काहीच नोंदणी नसेल तर पाच फ्लॅटची इमारतही सोसायटी म्हणून नोंदवता येते, आणि विकासक सहकार्य करत नसेल तरी निबंधकांकडे अर्ज करता येतो.

बंगल्यांच्या कॉलनीत मात्र हे सगळं गैरलागू. तिथे घरासमोरचा रस्ता सार्वजनिक असतो, घरमालकाचा नाही. कुंड्या, दगड, पाण्याचे ड्रम ठेवून "आमच्या गाडीची जागा" धरणं हा रस्त्यावरचा अडथळा आहे, आणि १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाखाली आयुक्त तो नोटीस न देताही हटवू शकतात. पण दुसऱ्याच्या फाटकासमोर गाडी लावून त्याची वाट अडवायची मुभा रस्ता सार्वजनिक असल्यानं मिळत नाही. तशी गाडी रस्त्यावर असल्यानं तिथे वाहतूक पोलिसांना बोलावता येतं.