काट्यांवरचा उजेड

गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा, आमगावसारख्या कोणत्याही गावात नंबरप्लेट रंगवून देणाऱ्या दुकानात जाऊन 'रेडियम' मागा. दुकानदार चकाकणाऱ्या चिकटपट्टीचे भेंडोळे पुढे करील. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे, बैलगाडीच्या साट्याला, सायकलच्या मडगार्डला ही पट्टी लावलेली असते. त्या पट्टीत रेडियमचा एक अणूही नसतो. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवणारे काचेचे बारीक मणी किंवा लोलक, एवढेच तिचे रहस्य. मग हे नाव तिला कोठून मिळाले? अंधारात ज्याचे काटे हिरवट दिसत त्या 'रेडियमच्या घड्याळा'वरून ते आले असावे. त्या घड्याळांत मात्र एकेकाळी खरोखरच रेडियम होते.

गाडीची हौस असलेली मुले आज डॅशबोर्डवरच्या घड्याळातला मंद पिवळट दिवा काढून तेथे निळी किंवा पांढरी एलईडी बसवतात. काम अर्ध्या-पाऊण तासाचे असते आणि हाताला थोडे डाग देणे जमले की साधते. पण या चिमुकल्या दिव्यामागे सव्वाशे वर्षांचे पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि काही माणसांचे प्राणही आहेत. वर्गात सांगावा असाच हा इतिहास आहे.

इंजिनातली चिमणी

रात्री उजेडाची गरज असलेली तबकडी सालेकसा भागात प्रथम आली ती मोटारीबरोबर नव्हे, रेल्वेबरोबर. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरगेज मार्ग १८८० च्या दशकात सुरू झाला. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला. सालेकसा आणि पुढचे दरेकसा ही याच मार्गावरची स्थानके. दरेकशाच्या डोंगराळ, जंगलातल्या चढावर रात्री इंजिन चालवणाऱ्याला दोन गोष्टी सतत पाहाव्या लागत : वाफेच्या दाबाची तबकडी आणि बाष्पकातल्या पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी. पाणी फार खाली गेले तर बाष्पक फुटण्याचा धोका असे. म्हणून वाफेच्या इंजिनात त्या नळीजवळ एक लहानसा तेलाचा दिवा टांगलेला असे.

येथेच एक अडचण दिसते. भट्टीचे दार उघडले की लालभडक उजेड डोळ्यांवर पडतो आणि त्यानंतर बाहेरचा सिग्नल काही काळ नीट दिसत नाही. तबकडीवर उजेड हवा, पण बाहेरचा अंधार पाहण्याची डोळ्यांची शक्ती जायला नको. गाडीच्या डॅशबोर्डाचा सारा इतिहास म्हणजे ही दुहेरी अट पाळण्याचा प्रयत्न आहे.

दिव्याशिवाय उजेड

मेरी आणि पिएर क्यूरी यांनी १८९८ साली रेडियमचा शोध लावला. रेडियममधून सतत अल्फा कण बाहेर पडतात. हे कण झिंक सल्फाइडच्या स्फटिकावर आदळले की त्यातून हिरवट प्रकाशाची ठिणगी उडते. दोन्हींचे मिश्रण रंगात कालवून तबकडीवरच्या आकड्यांना लावले, की ना वात, ना तेल, ना बॅटरी. आकडे रात्रभर दिसत राहतात. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या मनगटी घड्याळांना आणि विमानांतल्या तबकड्यांना अशा रंगाची फार मागणी आली.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज येथे हा रंग तयार करून तबकड्या रंगवण्याचा कारखाना होता. काम करणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या. आकडे बारीक, म्हणून कुंचल्याचे टोक बारीक हवे. त्यासाठी ओठांत धरून कुंचला टोकदार करण्यास त्यांना शिकवले होते. प्रत्येक वेळी रेडियमचा अंश पोटात जात होता. हा रंग निरुपद्रवी आहे, असे त्यांना सांगितले जाई. त्याच कारखान्यातले रसायनतज्ज्ञ मात्र रेडियम हाताळताना चिमटे आणि शिशाचे पडदे वापरत.

पुढे काय झाले ते आवर्तसारणी उघडून विद्यार्थ्यांनाच विचारावे. रेडियम कोणत्या गणात आहे? दुसऱ्या, म्हणजे कॅल्शियमच्या खाली. शरीर त्याला कॅल्शियमसारखेच वागवते आणि हाडांत नेऊन ठेवते. तेथे बसून ते वर्षानुवर्षे अल्फा कण सोडत राहते. मुलींचे दात पडू लागले, जबड्याची हाडे झिजून मोडू लागली, रक्तक्षय झाला. हॅरिसन मार्टलंड या वैद्यकीय अधिकाऱ्याने १९२५ साली या आजाराचा रेडियमशी असलेला संबंध दाखवून दिला. १९२७ साली ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सहकारी न्यायालयात गेल्या. त्यांतल्या काहींना तोवर उठून चालणेही कठीण झाले होते. १९२८ साली तडजोड झाली : प्रत्येकीला दहा हजार डॉलर आणि वर्षाला सहाशे डॉलर निवृत्तिवेतन. त्याच वर्षी हा रंग बनवणारा साबिन फॉन सोखोकी हाही रक्ताच्या विकाराने मरण पावला. या स्त्रियांच्या शरीरांतील रेडियमच्या मोजमापांवरूनच १९४१ साली अमेरिकेत, शरीरात जास्तीत जास्त किती रेडियम चालेल याची पहिली मर्यादा ठरली. किरणोत्सारी पदार्थ हाताळण्याचे आजचे नियम घडले त्यामागे त्यांचे हे दुःख आहे.

रेडियमची ही कथा अजून संपलेली नाही. जुन्या घड्याळांचे काटे आज अंधारात दिसत नाहीत, म्हणून त्यांतले रेडियम संपले असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात उलटे घडलेले असते. अल्फा कणांच्या माऱ्याने झिंक सल्फाइडचे स्फटिक काही वर्षांत निकामी होतात. रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षे आहे. ८० वर्षांपूर्वी रंगवलेल्या तबकडीत आज किती रेडियम उरले असेल? ८० वर्षे म्हणजे अर्धायुष्याचा विसावा भाग. गणित केले तर शेकडा ९६ हून अधिक उरते. उजेड विझला आहे, किरणोत्सार जवळजवळ तेवढाच आहे.

म्हणून १९६० च्या दशकापासून घड्याळांत रेडियमऐवजी ट्रिशियम वापरू लागले. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे आणि त्याचे बीटा कण इतके दुबळे की काच किंवा कातडीही ओलांडू शकत नाहीत. १९९३ साली जपानमध्ये स्ट्राँशियम ॲल्युमिनेटवर आधारित रंग आला. तो दिवसाचा उजेड पिऊन ठेवतो आणि रात्री हळूहळू सोडतो. त्यात किरणोत्सार मुळीच नाही.

डॅशबोर्डावर

मोटारीत बॅटरी असतेच. त्यामुळे तेथे तबकडीमागे १२ व्होल्टचा छोटा बल्ब बसवणे सर्वांत सोपे ठरले. बल्बचा उजेड पिवळट. तो सौम्य दिसावा म्हणून त्यावर हिरव्या किंवा निळ्या रंगाची टोपी घालत. १९६० साली अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने आपल्या काही गाड्यांत बल्बच काढून टाकला आणि सबंध पृष्ठभाग उजळणारी तबकडी वापरली. त्यात पुन्हा झिंक सल्फाइडच होते. पण त्याला उजळवणारे होते बदलते विद्युतक्षेत्र. जॉर्ज देत्रिओ या फ्रेंच वैज्ञानिकाने १९३६ साली हा परिणाम दाखवला होता. पुढे आकडी घड्याळे आली. त्यांतले हिरवट-निळे आकडे एका लहान निर्वात नळीत असत आणि इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने उजळत. १९६० च्या दशकात जपानमध्ये हे तंत्र विकसित झाले.

एलईडीचा प्रवास निराळा आहे. १९०७ साली हेन्री राउंड यांना सिलिकॉन कार्बाइडच्या तुकड्यातून वीज जाताना उजेड दिसला होता. पण त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९६२ साली निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसेल असा लाल प्रकाश देणारी एलईडी बनवली. निळ्या एलईडीसाठी मात्र आणखी तीस वर्षे लागली, कारण त्यासाठी लागणाऱ्या गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढवणे फार अवघड होते. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी ते साधले. नाकामुरांची तेजस्वी निळी एलईडी १९९३ साली आली आणि २०१४ साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. पांढरी एलईडी म्हणजे बहुधा निळीच असते. तिच्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा थर दिलेला असतो.

आता मागे वळून पाहिले, तर एक सूत्र सापडते. बल्ब आणि रंगीत एलईडी सोडल्यास प्रत्येक टप्प्यावर एक चकाकणारे द्रव्य आहे आणि त्याला ऊर्जा देणारे काहीतरी आहे. रेडियमच्या तबकडीत अल्फा कण, क्रायस्लरच्या तबकडीत विद्युतक्षेत्र, आकडी घड्याळात इलेक्ट्रॉन, पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश. द्रव्याचे काम एकच : मिळालेली ऊर्जा डोळ्यांना दिसेल अशा रूपात परत देणे.

दिवा बदलण्याचे गणित

घरी हा बदल करण्याआधी गाडीत कोणते घड्याळ आहे ते ओळखावे. आकडे स्वतःच उजळत असतील, तर तेथे बदलण्याजोगा दिवाच नसतो. काट्यांच्या घड्याळाला किंवा काळ्या आकड्यांच्या द्रवस्फटिक घड्याळाला मात्र वेगळा दिवा लागतो, आणि तो बदलता येतो.

समजा, मूळ बल्ब १२ व्होल्ट, १.२ वॅटचा आहे. म्हणजे त्यातून ०.१ अँपिअर प्रवाह वाहतो आणि त्या ऊर्जेचा बहुतांश भाग उष्णतेत जातो. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट पुरतात. इंजिन चालू असताना गाडीचा दाब १४ व्होल्टच्या आसपास असतो. उरलेले ११ व्होल्ट घेण्यासाठी एलईडीच्या एकसरीत रोध जोडलाच पाहिजे. नाहीतर ती क्षणात जळेल. १००० ओहमचा रोध जोडला तर प्रवाह ११ मिलिअँपिअर होतो. रोधात खर्च होणारी शक्ती ११ × ०.०११ म्हणजे सुमारे ०.१२ वॅट, म्हणून पाव वॅटचा रोध पुरतो. ओहमच्या नियमाला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. बल्ब कसाही जोडला तरी लागतो, एलईडी मात्र एकाच दिशेने. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवून ठेवावे.

येथे बरेच जण फसतात ते टोपीपाशी. हिरवी टोपी उजेडाला हिरवा रंग 'देत' नाही. ती हिरव्याखेरीज इतर रंग अडवते. बल्बच्या प्रकाशात सर्व रंग असतात, म्हणून टोपीतून हिरवा बाहेर येतो. लाल एलईडीत हिरवा नसतोच. तिच्यावर हिरवी टोपी ठेवली तर काळोखच हाती येतो. वर्गात हे दाखवायला टॉर्चचा जुना बल्ब, लाल एलईडी आणि हिरवा जिलेटीन कागद पुरे. दोन्ही प्रकाश जुन्या सीडीच्या पृष्ठभागावर तिरके पाडून पाहिले, की बल्बचा अखंड रंगपट्टा आणि एलईडीचा एकच पट्टा विद्यार्थ्यांना समोरच दिसेल.

किती उजेड पुरे?

आता इंजिनचालकाच्या त्या जुन्या अडचणीकडे येऊ. आपल्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंक्वाकार पेशी भरपूर उजेडात रंग पाहतात. दंडाकार पेशी अंधुक उजेडात काम करतात. दंडाकार पेशींना अंधाराची पूर्ण सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि ती सवय काही क्षणांच्या झगझगाटाने मोडते. ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर-हिरव्या प्रकाशाला या पेशी सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. गडद लाल प्रकाशाला जवळजवळ देतच नाहीत. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या कक्षात लाल दिवे वापरत आणि बीएमडब्ल्यूसारख्या कंपनीने पुढे नारिंगी-लाल तबकड्या पसंत केल्या. निळ्याचा आणखी एक दोष आहे. डोळ्याचे भिंग निळा प्रकाश जास्त वाकवते, त्यामुळे निळे आकडे कडेला पुसट दिसतात. वय वाढले की भिंगात प्रकाश अधिक विखुरतो आणि हा त्रासही वाढतो.

शहरातल्या दिव्यांच्या रस्त्यावर याने फारसे बिघडत नाही. सालेकशाहून दरेकशाकडे रात्री जाताना मात्र बिघडते. दोन्ही बाजूंना जंगल आहे, रस्त्यावर दिवे नाहीत, आणि पुढे मागचा दिवा नसलेली सायकल, बैलगाडी किंवा रस्ता ओलांडणारे जनावर असू शकते. अशा वेळी नाकासमोर झगझगीत निळे घड्याळ असेल, तर जे दिसायला हवे तेच दिसत नाही. उपाय सोपा आहे. १००० ओहमऐवजी ४७०० ओहमचा रोध घ्या, प्रवाह अडीच मिलिअँपिअरच्याही खाली येतो. लाल किंवा नारिंगी एलईडी निवडा. मूळ बटणाने उजेड कमी-जास्त होतो का ते तपासा. अंधारात वीस मिनिटे बसून वेळ कशीबशी वाचता आली, म्हणजे उजेड योग्य आहे असे समजावे.

शेवटी एक गोष्ट शिक्षकांनी आवर्जून सांगावी. प्रयोगाची हौस असलेले विद्यार्थी भंगारातून जुनी घड्याळे आणि तबकड्या गोळा करतात. महायुद्धाच्या काळातील विमानांच्या आणि लष्करी वाहनांच्या काही तबकड्यांवर रेडियमचा रंग होता. पिवळट-तपकिरी पडलेला, भुगा होऊ लागलेला रंग दिसला, तर तबकडीची काच उघडू नये, रंग खरवडू नये, त्यावर फुंकर मारू नये. भंगारातला किरणोत्सार ही कल्पना नव्हे. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भागात भंगारात गेलेल्या कोबाल्ट-६० मुळे एका कामगाराचा जीव गेला आणि इतर अनेक जण आजारी पडले. काचेआड असलेली जुनी तबकडी लांबून पाहण्यात फारसा धोका नाही. तिची धूळ श्वासावाटे किंवा बोटांवरून पोटात जाण्यात आहे. ऑरेंजच्या त्या मुलींना हे कोणी सांगितले नव्हते. आपल्या विद्यार्थ्यांना आपण सांगू शकतो.