धोटा, तोंड आणि विटाळ

तयार कपड्यांच्या कारखान्यात नव्या बाईला शिवणयंत्रावर बसवताना सुरुवातीलाच बजावतात : मोटर बंद केल्यावाचून सुईत दोरा ओवायचा नाही. दोरा ओवणे ही तशी क्षुल्लक क्रिया. तरी तिचा नियम करावा लागतो, कारण बोटे त्याच वेळी सुईखाली जातात. मुंबईच्या कापडगिरण्यांत अशाच एका क्षुल्लक क्रियेच्या निमित्ताने आपल्या माणसांना साचेखात्याबाहेर ठेवले गेले. कामगार चळवळीचे इतिहासकार ही हकीकत अस्पृश्यतेचा एक नमुना म्हणून दोन ओळींत उरकतात. माझ्या मते ती यंत्रावरील सुरक्षिततेच्या इतिहासात घालून वाचली पाहिजे.

मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या पोटात बाण्याच्या सुताची कांडी असते. ती काही मिनिटांत संपते. नवी कांडी घातली की सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावे लागे. विणकर भोकाला ओठ लावी आणि श्वासासरशी सूत ओढून घेई. मुंबईच्या विणकराकडे सर्वसाधारणपणे दोन माग असत. म्हणजे पाळीभर हेच. सुताबरोबर कापसाची धूळ आणि तेल तोंडात जाई. तोच धोटा दुसऱ्या विणकराच्या हाती गेला की एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडी. क्षयाच्या त्या काळात याचा अर्थ काय होता, हे सांगायला नको.

वर्गात हे शिकवताना मुले हटकून विचारतात, "सर, हाताने का नाही ओवत?" प्रश्न रास्त आहे. हाताने ओवता येण्याजोगा धोटा ही काही अशक्य वस्तू नव्हती. 1894 च्या सुमारास अमेरिकेत आलेल्या नॉर्थ्रप मागात सूत धोट्यात आपोआप ओवले जाई. मॅसॅच्युसेट्स राज्याने 1911 साली तोंडाने सूत ओढण्याचे धोटे कायद्याने बंद केले. लँकेशायरमध्ये या प्रकाराला 'धोट्याचे चुंबन' म्हणत. तिथे मात्र मालक आणि सरकार रेंगाळले. नियम व्हायला 1952 उजाडले. पण उशिरा का होईना, तिथला वाद माणसाच्या छातीविषयी होता.

आपल्याकडे वाद कशाविषयी झाला? विटाळाविषयी! ज्या धोट्याला महाराचे ओठ लागले, त्याला आम्ही तोंड लावणार नाही, असे सवर्ण विणकर म्हणाले. धुळीची तक्रार मागे राहिली. साचेखात्यात मजुरी अधिक. आपला माणूस कमी मजुरीच्या सूतकताईत, रिंग खात्यात अडकला.

कायद्याची नजर या तोंडापर्यंत पोचलीच नव्हती. 1881 च्या फॅक्टरी कायद्याने धोक्याच्या यंत्राला कुंपण घालायला सांगितले. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यात जखमी कामगाराला बरा होईतो मजुरी मिळावी, कायमचा निकामी झाल्यास निर्वाहाची सोय व्हावी, अशी मागणी होती. ही मागणी कायद्यापेक्षा पुष्कळ पुढची होती. पण पट्ट्यात सापडलेला हात दिसतो. धोट्यातून छातीत गेलेला रोग दिसत नाही, आणि धोट्यापर्यंत पोचूच न दिलेला माणूस तर मुळीच दिसत नाही.

1928 च्या सार्वत्रिक संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना खडसावले : साचेखाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी घ्या, नाहीतर आमच्या माणसांना मी संपापासून परावृत्त करीन. पुढाऱ्यांनी ती नाइलाजाने घेतली. मालक हसले, हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही, म्हणाले. मालकांची ही सबब पुष्कळांना पटते. मला पटत नाही. धोटे खरेदी कोण करीत होते? हाताने ओवायचा धोटा आणला असता तर रोगाचे कारण गेले असते आणि विटाळाची सबबही. पण मालकांचे तोंडाने ओढण्यात भागत होते, आणि कामगारांतली फूट त्यांना फुकट मिळत होती.

दहा वर्षांनी, फेब्रुवारी 1938 मध्ये, मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी पुन्हा याच खात्याचा दाखला दिला. मुंबई आणि अहमदाबाद या दोन्ही शहरांत आपल्या लोकांना विणकामात घेत नाहीत, असे सांगून त्यांनी एक गोष्ट आवर्जून जोडली : सवर्ण हिंदूला मुसलमानाबरोबर काम करायला हरकत नव्हती.