छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) : लक्षणे व निदान

विचार, भावना व वर्तन यांची सांगड बिघडवणारा दीर्घकालीन मनोविकार. वास्तवाचे भान सुटण्याच्या अवस्थेला सायकोसिस म्हणतात. ही अवस्था तीव्र नैराश्यात, गांजाच्या सेवनाने किंवा बाळंतपणानंतरही येऊ शकते. त्यामुळे सायकोसिस दिसला म्हणजे स्किझोफ्रेनिया झालाच, असे नाही. विकाराला आजचे नाव स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये दिले. सुरुवात बहुधा ऐन तारुण्यात होते. स्त्रियांमध्ये सरासरीने काही वर्षे उशिरा.

भासांमध्ये आवाज ऐकू येणे सर्वाधिक आढळते. 'बघ, आता उठला, दाराकडे निघाला' असे रुग्णाच्या प्रत्येक हालचालीचे वर्णन कोणीतरी सतत करत राहते. हा आवाज रुग्णाला खराच ऐकू येतो. भ्रम म्हणजे पुराव्यानेही न ढळणारी चुकीची खात्री : शेजारी पाळत ठेवून आहेत, आपले विचार इतरांना ऐकू जातात, टीव्हीवरचा निवेदक आपल्यालाच उद्देशून बोलतो. बोलण्यातली संगतीही तुटते.

याहून फसवी असतात ती अभावात्मक लक्षणे. मुलगा अंघोळ टाळतो, मित्र तोडतो, कॉलेज सोडतो, चेहरा निर्विकार होतो. अनेकदा आवाज सुरू होण्याच्या कित्येक महिने आधीपासून हे चालू असते आणि घरचे त्याला आळस किंवा हट्ट समजून रागावतात. औषधांचा या लक्षणांवर फारसा परिणाम होत नाही. आपण आजारी आहोत हेच बहुतेक रुग्णांना पटत नाही, म्हणून नातेवाइकांनी सांगितलेली हकिगत निदानात मोलाची ठरते.

स्किझोफ्रेनिया दाखवणारी रक्ततपासणी किंवा स्कॅन नाही. थायरॉइडचे विकार, अपस्मार, मेंदूचा संसर्ग, नशा ही कारणे वगळण्यासाठी तपासण्या करतात. अमेरिकेच्या डीएसएम-५ (२०१३) या निदानपुस्तिकेनुसार भास, भ्रम, असंबद्ध बोलणे, विस्कळीत वर्तन व अभावात्मक लक्षणे यांपैकी किमान दोन महिनाभर हवीत, त्यांत पहिल्या तिन्हींपैकी एक असावे, आणि आजाराच्या खुणा एकूण सहा महिने टिकलेल्या असाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ एक महिना पुरेसा मानते. संस्कृतीचा संदर्भही पाहावा लागतो : जत्रेत समाजमान्य रीतीने अंगात येणे हा आजार नव्हे. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार केवळ धार्मिक श्रद्धा किंवा सामाजिक चालीरीती वेगळ्या आहेत म्हणून कोणालाही मनोरुग्ण ठरवता येत नाही.

नेमके निदान पक्के व्हायला महिने लागले, तरी सायकोसिसवरचे उपचार लगेच सुरू करतात. ते जितके लांबतात तितकी सुधारणा अवघड होते.