जामीन कोण राहणार?

जामीन म्हणजे मुळात माणूस. अरबीतला 'ज़ामिन' फारसीच्या वाटेने मराठीत आला तो दुसऱ्याची हमी घेणारा म्हणून. 'जामीन राहणे' या प्रयोगात तो माणूस अजून उभा आहे. आता आपण 'जामीन मिळाला' म्हणतो, तेव्हा शब्दाचा अर्थ सुटका होतो. माणूस शब्दातून गेला, कोर्टातून मात्र गेला नाही. ज्याच्यासाठी उभं राहायला कुणी नाही, तो आतच राहतो. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातले सुमारे ७६ टक्के कैदी कच्चे कैदी होते.

'जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद' हे वकिलांच्या तोंडी रुळलेलं सूत्र १९७७ सालचं. राजस्थान सरकार विरुद्ध बालचंद या प्रकरणात न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी ते 'बेल, नॉट जेल' एवढ्या तीन शब्दांत बसवलं.

हे शब्द पुस्तकातून आले नव्हते, असं मला वाटतं. थलश्शेरीच्या या वकिलाने १९४८ मध्ये कम्युनिस्टांना साहाय्य केल्याच्या आरोपावरून महिनाभर कोठडी भोगली होती. १९५७ मध्ये केरळात नंबुद्रिपादांच्या मंत्रिमंडळात तेच कायदा, गृह आणि तुरुंग खात्यांचे मंत्री झाले. तुरुंग असा दोन्ही बाजूंनी पाहिलेला न्यायाधीश विरळाच. पण हेच राजकारण त्यांना नडलं. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टावर नेमणूक व्हायची होती, तेव्हा विरोध करणाऱ्यांत मुंबईचे वकील सोली सोराबजीही होते. पुढे सोराबजींनी आपली चूक मान्य केली. २४ जून १९७५ ला अय्यर यांनी इंदिरा गांधींची निवडणूक रद्द करणाऱ्या निकालाला सशर्त स्थगिती दिली: पंतप्रधानपद राहील, लोकसभेत मतदान करता येणार नाही. दुसऱ्याच रात्री आणीबाणी आली. त्या आदेशावर अजून वाद होतो.

मला मात्र त्यांचा १९७८ चा मोतीराम निकाल अधिक मोठा वाटतो. मध्य प्रदेशातला हा गरीब गवंडी. मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ तयार होता, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून तो नाकारला. अय्यर यांनी गवंड्याला त्याच्या स्वतःच्या एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. त्याचा जामीन तोच.