बोटावरचा थेंब आणि एक आकडा

रक्त ‘पातळ’ करणारी औषधे खरे तर रक्त पातळ करीत नाहीत. गोठण्याची क्रिया मंद करतात. त्यांतले वॉरफरिन सर्वांत प्रसिद्ध. अमेरिकेत आणि कॅनडात बुरशी आलेले ‘स्वीट क्लोव्हर’ गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत. त्याचे कारण शोधताना विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत १९३९ साली या कुळातले पहिले रसायन वेगळे झाले. वॉरफरिन १९४८ मध्ये आले ते उंदीर मारण्यासाठी! माणसांना ते १९५४ पासून देऊ लागले. मात्रा कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. त्यात पालेभाज्यांतले के जीवनसत्त्वही हिशेब बदलते. म्हणून रुग्णाला तपासणीसाठी पुन्हा पुन्हा दवाखाना गाठावा लागे.

तपासणी तरी कोणती? आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये दिलेली. रक्तद्रवात थ्रोम्बोप्लास्टिन व कॅल्शियम मिसळायचे आणि गुठळी होईपर्यंतचे सेकंद मोजायचे. अडचण थ्रोम्बोप्लास्टिनची होती. कुठे ते सशाच्या मेंदूपासून बनवीत, कुठे माणसाच्या, आणि प्रत्येकाची संवेदनक्षमता निराळी.

आपण उदाहरण घेऊ. निरोगी माणसाचे १२ सेकंद, रुग्णाचे १८, गुणोत्तर १.५. एका प्रयोगशाळेत याचा अर्थ ‘औषध पुरेसे’, दुसरीत ‘अपुरे’. कमी संवेदनक्षम द्रावण वापरणाऱ्या अमेरिकेत ठरावीक गुणोत्तर गाठण्यासाठी डॉक्टर जास्त मात्रा देत आणि रक्तस्राव वाढत. १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने तोडगा स्वीकारला: गुणोत्तराला त्या द्रावणाचा निर्देशांक (आय.एस.आय.) घातांक म्हणून द्यायचा. निर्देशांक १ असेल तर उत्तर १.५, २ असेल तर २.२५. हा आकडा म्हणजे आय.एन.आर. बहुतेक रुग्णांत तो २ ते ३ ठेवतात.

आमच्या मते दूरवरून देखरेखीची खरी सुरुवात इथे झाली. आकड्याचा अर्थ गावोगाव बदलत असता, तर तो फोनवर सांगून काय उपयोग? १९८० च्या दशकातच बोटावरच्या थेंबावर चालणारी छोटी यंत्रे आली, जर्मनीत रुग्णांना ती वापरायला शिकवू लागले. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील २,९२२ रुग्णांवरचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काहींनी घरी दर आठवड्याला तपासले, काहींनी चांगल्या दवाखान्यात दरमहा. पक्षाघात, मोठा रक्तस्राव आणि मृत्यू यांत लक्षणीय फरक आढळला नाही, आय.एन.आर. मात्र घरी तपासणाऱ्यांचा किंचित अधिक काळ मर्यादेत राहिला. अर्थात, शिकवल्यावर ज्यांना तपासणी नीट जमली, तेच यात घेतले होते. शिक्षकांनी हे विसरू नये!

२०१० पासून नवी औषधे आली. त्यांना नियमित आय.एन.आर. लागत नाही. पण धातूच्या कृत्रिम झडपा बसवलेल्यांना ती चालत नाहीत, हे २०१३ च्या सुमारास दिसले. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद होऊन ठोके अनियमित झालेल्यांनाही जुनेच औषध बरे, हे २०२२ मध्ये. आपल्याकडे असे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्यापैकी कुणाचा अहवाल मिळाला, तर नाव झाकून वर्गात न्यावा. त्यावर सेकंद आणि आय.एस.आय. छापलेले असल्यास मुलांना आय.एन.आर. स्वतः काढून पडताळता येईल.